क्रूझचं बुकिंग करण्याआधी: मार्ग, व्हिसा आणि कस्टम्स नीट समजून घ्या

क्रूझचं जहाज आतून मोठ्या हॉटेलासारखं दिसतं. सामान एकदाच उघडायचं, जेवणाची वेळ ठरलेली, सकाळी पडदा सारला की समोर नवं शहर. या आरामात एक गोष्ट सहज विसरली जाते. कागदोपत्री हे जहाज दर एक-दोन दिवसांनी देशाची सीमा ओलांडत असतं, आणि प्रत्येक सीमेवर व्हिसा, कस्टम्स आणि वेळेचे नियम नव्याने लागू होतात. क्रूझवर लोकांच्या ज्या मोठ्या अडचणी होतात, त्यातल्या बहुतेक इथूनच सुरू होतात. बाल्कनीची खोली घ्यावी की बिनखिडकीची यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. पण मधल्या बंदरावरून निघून परत पहिल्या देशात यायला आपला व्हिसा चालेल का, हे बुकिंग करताना फार थोडे जण विचारतात.

म्हणून माझा आग्रह असा की आधी मार्ग वाचा, मग कागदपत्रं, मग किंमत, आणि खोली सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते.

मार्ग कसा वाचायचा

माहितीपत्रकात 'रोम', 'पॅरिस', 'बर्लिन' अशी नावं ठळक अक्षरांत असतात. यातल्या एकाही शहराच्या धक्क्याला क्रूझचं मोठं जहाज लागत नाही. 'रोम' म्हणजे चिवितावेक्किया बंदर, तिथून रोम ७० ते ८० किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, साधारण ९० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. उलट अथेन्सचं पिरायस बंदर शहराला जवळपास लागूनच आहे. त्यामुळे प्रत्येक मुक्कामासाठी बंदराचं खरं नाव शोधा आणि शहराचं अंतर नकाशावर मोजा.

मग तास मोजा. समजा जहाज सकाळी ७ ते संध्याकाळी ७ ल हाव्रला थांबणार आहे. कागदावर १२ तास दिसतात. जहाज लागल्यावर बंदराची मंजुरी मिळून लोक उतरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. परतीला सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास जहाजावर हजर असावं लागतं. पॅरिसला जायला-यायला पाच ते सहा तास. हातात उरतात जेमतेम पाच तास, त्यातही जेवण आलं. पॅरिस पाहायचंच असेल तर त्यासाठी वेगळा प्रवास आखावा आणि या मुक्कामात ल हाव्रच्या आसपासचा नॉर्मंडीचा किनारा निवांत पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

व्हेनिसचं उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखंच आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनेजपेक्षा (म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेच्या मापापेक्षा) मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रूझ प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. रावेन्नाहून व्हेनिस जवळपास दीडशे किलोमीटर आहे. विमानाचं तिकीट व्हेनिसचं काढलं आणि जहाज रावेन्नाहून सुटणार असेल, तर त्या दिवसाचं सगळं गणित बदलतं.

दुसरी गोष्ट, जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार? धक्का उथळ किंवा लहान असला की जहाज बाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना 'टेंडर' नावाच्या छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. सँटोरिनी, ग्रँड केमन, बेलीझ सिटी ही अशी ठिकाणं. तिथे उतरायला रांग लागते, व्हीलचेअरवाल्यांना कधी कधी उतरताच येत नाही, आणि समुद्र खवळला तर तो मुक्काम रद्द होण्याची शक्यता धक्क्याच्या बंदरापेक्षा जास्त असते. ज्या एका जागेसाठी तुम्ही सगळी सहल करताय ती जागा टेंडरची असेल, तर हे आधीच कळलेलं बरं.

काही मुक्काम पाहून प्रश्न पडतो की जहाज इथे का थांबतं. सिअॅटलहून अलास्काला जाऊन परत येणाऱ्या जहाजांच्या मार्गात कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं, बहुतेकदा संध्याकाळी उशिरा आणि थोड्याच तासांसाठी. त्याचं कारण १८८६ सालचा अमेरिकेचा एक कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतल्या दोन बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करायला तो मनाई करतो. क्रूझची बहुतेक मोठी जहाजं बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदवलेली असल्यामुळे, अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतायचं असलं तरी वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. दोन वेगळी अमेरिकी बंदरं असतील तर नियम आणखी कडक होतो: वाटेत 'दूरचं' परदेशी बंदर लागतं, आणि कॅनडा किंवा मेक्सिको त्यात धरत नाहीत.

हा जुना कायदा प्रवाशालाही अडवू शकतो. एका प्रवाशाने सिअॅटल ते व्हँकुव्हर अशी एक सफर घेतली आणि त्याच जहाजाने लगेच व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर अशी दुसरी. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण कायद्याच्या नजरेत हा सिअॅटल ते व्हिटियर असा एकच प्रवास ठरतो, आणि तो चालत नाही. लागोपाठ दोन सफरी जोडायच्या असतील, किंवा मधल्याच बंदरावर कायमचं उतरायचं असेल, तर कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. दंड झाला तर कंपनी तो तुमच्या खात्यावर टाकते.

हंगामाबद्दल थोडक्यात. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ सर्वांत धोक्याचा. तेव्हा कॅरिबियनच्या सफरी स्वस्त असतात ते याचसाठी. जहाज वादळात शिरत नाही, ते वळसा घालतं. पण वळसा म्हणजे तुम्ही निवडलेली बंदरं बदलणार. अलास्का मे ते सप्टेंबर, अंटार्क्टिका नोव्हेंबर ते मार्च. अंटार्क्टिकाला जायचं असेल तर जहाजाचा आकार नक्की पाहा. तिथे एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं उतरवत नाहीत आणि ५०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजातून कुणालाच उतरता येत नाही. मोठ्या जहाजाचं स्वस्त तिकीट घेतलं तर अंटार्क्टिका फक्त डेकवरून दिसेल. वसंतात आणि शरदात जहाजं एका समुद्रातून दुसऱ्यात हलवली जातात. या एकेरी सफरींत समुद्रावरचे दिवस भरपूर आणि भाडं कमी असतं. वाचन आणि शांतता आवडणाऱ्यांना मी त्या आनंदाने सुचवते, फक्त परतीचं विमानभाडं बेरजेत धरा.

आणि हे सगळं ठरवूनही मार्ग बदलू शकतो. तिकिटासोबतच्या करारात कप्तानाला आणि कंपनीला कोणतंही बंदर गाळायचा किंवा बदलायचा अधिकार असतो. बंदर गाळलं तर साधारणपणे त्या बंदराचे कर आणि तुम्ही कंपनीकडून घेतलेल्या तिथल्या सहलीचे पैसे परत मिळतात, भाड्यातला वाटा नाही. वाईट वाटतं, पण वाऱ्यात धक्क्याला लागणं धोक्याचं असताना कप्तान नाही म्हणतो तेव्हा तो त्याचं काम करत असतो.

व्हिसा: सर्वांत महागात पडणारी चूक

व्हिसा आहे की नाही हे पाहणं प्रवाशाचं काम, कंपनीचं नाही. चढताना एक कागद कमी निघाला तर जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही परत देत नाहीत. 'त्या बंदरावर मी उतरणारच नाही, खोलीतच बसेन' हे उत्तर बहुतेक ठिकाणी चालत नाही. मार्गातल्या सगळ्या देशांचा व्हिसा हातात असल्याशिवाय अनेक कंपन्या चढू देत नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, एका प्रवेशाच्या व्हिसावर. पिरायसहून जहाज निघतं, तुर्कस्तानातल्या कुशादासीला जातं, आणि पुन्हा ग्रीसच्या बेटांवर येतं. प्रवाशाच्या मनात ही एकच सहल. पण कुशादासीला जहाज शेंगेनमधून बाहेर पडलं आणि नंतर परत आत आलं, म्हणजे प्रवेश दोन झाले. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. एड्रियाटिक समुद्रात माँटेनेग्रोचं कोटोर, पश्चिमेला ट्युनिस, उत्तरेला ब्रिटनची बंदरं यांचंही तेच. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि सोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा, म्हणजे मागणीचं कारण अधिकाऱ्याला कागदावरच दिसेल.

जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला. त्याआधी दुब्रोवनिकचा मुक्काम शेंगेनबाहेरचा मोजला जायचा, आता आतला मोजतात. बल्गेरिया आणि रोमानियाची बंदरं ३१ मार्च २०२४ पासून आत आली. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या बंदरावर वेळ जास्त धरा. अलास्काची सफर व्हँकुव्हरहून असेल तर कॅनडाचा आणि अमेरिकेचा अशा दोन्ही व्हिसांचा विचार करा, आणि शेवटी कॅनडात परत प्रवेश मिळेल हेही पाहा.

पासपोर्टची मुदत सफर संपल्यावर किमान ६ महिने शिल्लक असावी, असं अनेक देश आणि कंपन्या मागतात. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेच्या मार्गावर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, लागू शकतं. लस घेतल्यापासून १० दिवसांनी ते वैध होतं आणि जुलै २०१६ पासून त्याची मुदत आयुष्यभर मानतात, म्हणजे जुनं पिवळं कार्ड घरात असेल तर ते शोधून ठेवा. गरोदर स्त्रियांना सफरीत २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तान्ह्या बाळांसाठी साधारण ६ महिन्यांची अट असते आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरींसाठी १२ महिन्यांची.

काही सफरींत जहाज पासपोर्ट ठेवून घेतं, कारण बंदरावरचे अधिकारी ते एकत्र तपासतात. घाबरायचं कारण नाही, पण पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या दोन छापील प्रती आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

किंमत आणि करार

जाहिरातीतलं भाडं एका माणसाचं असतं आणि ते दोघं एका खोलीत राहणार असं धरून काढलेलं असतं. एकटा प्रवासी असेल तर त्याला जवळजवळ दुप्पट भाडं पडू शकतं. त्यावर बंदरांचे कर आणि शुल्क. त्यावर दर माणशी, दर दिवशी आपोआप लागणारी ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवकांसाठीची रक्कम. मग पेयांचं पॅकेज, वायफाय, वेगळ्या रेस्टॉरंटचं शुल्क, किनाऱ्यावरच्या सहली. पेयांच्या पॅकेजमध्ये एक मेख असते: एकाने घेतलं तर त्याच खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं, अशी अट बरेचदा असते. दोन कंपन्यांची तुलना करताना ही सगळी बेरीज करा, मगच आकडे शेजारी ठेवा. सर्वसमावेशक वाटणारी महाग सफर अशा बेरजेत कधी कधी स्वस्त निघते.

डिपॉझिट परत मिळणारं आहे की नाही, हे पहिल्याच फोनवर विचारा. पूर्ण रक्कम भरायची तारीख सफरीच्या साधारण दोन ते चार महिने आधी असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण त्यानंतर रद्द केलं तर कापली जाणारी रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत जाते. याच तारखेआधी तुमच्याच खोलीचं भाडं उतरलेलं दिसलं तर नवा दर मागता येतो, पण तो मागावा लागतो. कुणी आपणहून देत नाही. एजंटमार्फत बुकिंग केलं असेल तर नंतरचे बदल एजंटमार्फतच करावे लागतात, म्हणून रात्री-बेरात्री फोन उचलणारा एजंट निवडा.

करार वाचा. लांब असतो, अक्षरं बारीक असतात, तरी वाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कार्निव्हल कंपनीच्या खटल्यात ठरवलं की तिकिटावर छापलेली 'दावा फ्लोरिडाच्याच न्यायालयात लावायचा' ही अट प्रवाशावर बंधनकारक आहे. प्रवासी दांपत्य देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात राहत होतं. दुखापत झाली तर किती दिवसांत लेखी कळवायचं, दावा किती महिन्यांत आणि कुठे लावायचा, हे त्या बारीक अक्षरांतच असतं.

विमा घेताना एक गोष्ट आवर्जून पाहा: जहाजावरून रुग्णालयापर्यंत हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का. जहाजावरच्या डॉक्टरची फी वेगळी लागते आणि बऱ्याच नेहमीच्या आरोग्य विम्यांत ती बसत नाही. खोल समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर खर्च संपूर्ण सहलीच्या कित्येक पट होतो. आधीचे आजार असतील तर ते लपवू नका. दावा नाकारायचं ते पहिलं कारण ठरतं.

आणि मोबाइल. जहाज किनारा सोडतं तेव्हा फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो, आणि ते रोमिंग फार महाग असतं. जहाज सुटायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग वायफाय लावा.

खोली

ज्यांना समुद्र लागतो त्यांनी जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची खोली घ्यावी, हालचाल तिथे सगळ्यात कमी जाणवते. डेकचा नकाशा उघडून तुमच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहा. वर बुफेचा हॉल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येणार, खाली नाचघर असेल तर रात्री उशिरापर्यंत. खिडकीसमोर लाइफबोट येते अशा खोल्या स्वस्त असतात. 'गॅरंटी' प्रकारात खोलीचा वर्ग ठरतो, क्रमांक कंपनी ठरवते. पैसे वाचतात, निवड जाते.

जहाज गजबजलेलं असेल का, याचा अंदाज एका भागाकाराने येतो. ग्रॉस टनेज हे वजन नाही, ते जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागा. आयकॉन ऑफ द सीज या २०२४ मध्ये सुरू झालेल्या जहाजाचं ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे आणि एका खोलीत दोघं धरून प्रवासी ५,६१०. भागाकार येतो ४४ च्या आसपास. अशा अवाढव्य जहाजापेक्षा कितीतरी लहान जहाजांत हा आकडा जास्त असू शकतो, म्हणजे माणशी जागा जास्त.

चढण्याचा दिवस आणि बंदरावरचे तास

सफर सुरू होते त्या शहरात आदल्या दिवशीच पोहोचा. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही. चढताना मोठं सामान कर्मचारी घेतात आणि ते खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, कागदपत्रं, चष्मा, बदलायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, मेणबत्त्या आणि सर्ज प्रोटेक्टर असलेले एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक जहाजांवर जप्त होतात, आगीच्या भीतीने.

सुरक्षेची कवायत टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. आपली जमण्याची जागा कुठली, हे लहान मुलांनाही चालत जाऊन दाखवा.

बंदरावर उतरताना दोन वेळा विचारा: जहाजाची वेळ काय आणि किनाऱ्यावरची काय. कधी कधी या दोन्हींत तासाचा फरक असतो आणि मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवायला लागतो. साधं हातावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवलेलं सगळ्यात उत्तम. कंपनीकडून घेतलेली सहल परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतः ठरवलेल्या गाडीचं तसं नाही. म्हणून मी असं सुचवते की जवळच्या बंदरांत आपलं आपण फिरा, स्वस्त पडतं आणि मोकळेपणाही मिळतो. पण शहर दूर असेल किंवा वाटेत एकच रस्ता असेल तर कंपनीची सहल घ्या. त्या बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर रोजच्या पत्रकात छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो.

कस्टम्स

इथे सगळ्यात जास्त गैरसमज 'ड्युटी फ्री' या पाटीने होतात. त्या पाटीचा अर्थ इतकाच की जिथे वस्तू विकली त्या ठिकाणचा कर तुमच्याकडून घेतलेला नाही. घरच्या देशात ती आणताना कर लागणार नाही असं ती पाटी म्हणत नाही. तुमच्या देशाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडची प्रत्येक वस्तू, मग ती जहाजावरच्या दुकानातली का असेना, करपात्र आहे.

मर्यादा देशागणिक बदलतात आणि तुम्ही तिथले रहिवासी आहात की पाहुणे, यावरही ठरतात. अमेरिकेच्या रहिवाशाला साधारणपणे ८०० डॉलरपर्यंत सूट आहे. पण तो ४८ तासांपेक्षा कमी काळ बाहेर होता, किंवा गेल्या ३० दिवसांत ही सूट वापरून झालेली असेल, तर ती २०० डॉलरवर येते. लागोपाठ छोट्या सफरी करणाऱ्यांना हे माहीत हवं. पाहुण्यांना अमेरिकेत भेटवस्तूंसाठी १०० डॉलर. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून समुद्राने किंवा विमानाने येणाऱ्याला ४३० युरो, आणि एकाच वस्तूची किंमत कुटुंबात वाटून दाखवता येत नाही. ब्रिटनमध्ये ३९० पौंड, ऑस्ट्रेलियात प्रौढाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलर. मद्य आणि तंबाखूचा हिशोब वेगळा: युरोपियन युनियनमध्ये १ लिटर कडक मद्य, ऑस्ट्रेलियात सगळं मिळून २.२५ लिटर. निघण्याआधी तुमच्या देशाच्या कस्टम्स खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजे आकडे पाहा, हे बदलत असतात.

मधल्या बंदरांचं कस्टम्सही असतं, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसतं. सिंगापूरला उतरताना ई-सिगारेट जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि साध्या सिगारेटवरही तिथे करमाफी नाही. अशा वस्तू मुळात घरीच ठेवा. बार्बाडोससारख्या काही कॅरिबियन देशांत लष्करी छापाचे कपडे घालायला बंदी आहे, लहान मुलांनाही. औषधांचं तसंच: एका देशात दुकानात सहज मिळणारी गोळी दुसरीकडे बंदी असलेल्या यादीत असते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या नेता येत नाहीत. औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत असू द्या.

जहाजावरचं खाणं किनाऱ्यावर नेऊ नका. बुफेतून उचललेलं एक सफरचंद पिशवीत विसरलं, एवढ्यावरही दंड होतो. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केलेल्या फळासाठी जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे. ऑस्ट्रेलियातही तपासणी तेवढीच कडक. बेटांची शेती एका किडीने उद्ध्वस्त होऊ शकते, म्हणून हे नियम आहेत, आणि मला ते अगदी रास्त वाटतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

आठवण म्हणून काय घ्यायचं यातही जपून. कासवाच्या पाठीचे दागिने, काळं प्रवाळ, मगरीच्या कातड्याच्या वस्तू बंदराजवळच्या दुकानांत उघडपणे विकायला असतात आणि दुकानदार सांगतो की काही होत नाही. वन्यजीवांच्या व्यापाराचा 'सायटिस' हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे. त्यात येणाऱ्या वस्तूला परवाना नसेल तर ती जप्त होते, वर दंड किंवा खटला. कॅरिबियनमधल्या राणी शंखाचे माणशी तीनपर्यंत नग करारात वैयक्तिक सामान म्हणून चालतात, तरी त्या त्या देशाचे नियम जास्त कडक असू शकतात. सार्डिनियाच्या किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले बाटलीत भरून आणले तर ५०० ते ३,००० युरो दंड आहे. समुद्रकाठची वस्तू समुद्रकाठीच राहू द्या.

१०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख घेऊन युरोपियन युनियनच्या सीमेवरून जाताना ती जाहीर करावी लागते. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर. रोख नेण्यास बंदी नाही, लपवण्यास आहे.

युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांना तिथल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळू शकतो. त्यासाठी दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि युनियनमधून शेवटचं बाहेर पडताना वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा. क्रूझवर 'शेवटचं' म्हणजे कुठलं बंदर, हेच नीट पाहावं लागतं. सफर युनियनमध्येच संपून तुम्ही तिथूनच विमानाने घरी जाणार असाल, तर शिक्का विमानतळावर. वस्तू हातातल्या सामानात ठेवा, कारण मोठी बॅग आधीच गेली तर दाखवणार काय? लंडन-एडिंबराच्या खरेदीवर मात्र १ जानेवारी २०२१ पासून अशी परतफेड नाही.

जाताना स्वतःचा महागडा कॅमेरा, लॅपटॉप किंवा दागिने नेत असाल तर त्यांच्या पावत्या सोबत ठेवा, किंवा निघतानाच कस्टम्सकडे नोंद करून प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना ही वस्तू जुनीच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. प्रत्येक नव्या खरेदीची पावती एका पाकिटात टाकत राहा.

शेवटची रात्र

दुकानातून घेतलेल्या मद्याच्या बाटल्या जहाज स्वतःकडे ठेवतं आणि त्या शेवटच्या रात्री किंवा सकाळी मिळतात. पुढे विमान असेल तर त्या मोठ्या बॅगेतच घाला, हातातल्या सामानात मोठ्या बाटल्या सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या जाऊ शकतात. मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट बाजूला काढलेत ना, हे तपासा. सगळं सामान स्वतः उचलून नेऊ शकत असाल तर 'स्वतः सामान घेऊन उतरणारे' या गटात नाव द्या, ते सगळ्यात आधी उतरतात. त्याच सकाळी विमान गाठायचं असेल तर दुपारनंतरचं घ्या. जहाज वेळेवर लागलं तरी हजारो माणसांची पासपोर्ट तपासणी त्याच दारातून व्हायची असते.

कस्टम्सच्या दालनात हिरवा (जाहीर करण्यासारखं काही नाही) आणि लाल (काहीतरी जाहीर करायचं आहे) असे दोन मार्ग असतील आणि मनात थोडीही शंका असेल, तर लाल मार्गाने जा. पावत्यांचं पाकीट पुढे करा, काय कुठे घेतलं ते सांगा. कर लागत असेल तर तेवढा भरून आणि त्याची पावती घेऊन तुम्ही बाहेर पडता. तीच वस्तू हिरव्या मार्गावर बॅगेत सापडली तर कर भरावा लागतोच, शिवाय दंड, आणि बऱ्याचदा वस्तूही जाते.